नदीच्या मध्यावर थांबणारं नशीब

माइन्त्स आणि वीसबाडेन ही दोन जर्मन शहरं ऱ्हाइन नदीच्या दोन काठांवर वसलेली आहेत. दोन्ही राजधान्या. माइन्त्स ऱ्हाइनलांट-फाल्त्स राज्याची, वीसबाडेन हेसन राज्याची. माइन्त्सहून पलीकडे नेणारा थिओडोर हॉइस पूल रमतगमत चाललं तरी दहा मिनिटांत संपतो. समजा, माइन्त्समधल्या एखाद्या वर्तमानपत्रांच्या दुकानात तुम्ही लॉटरी खेळलात, शनिवारच्या सोडतीत तीन आकडे जुळले आणि दहाएक युरोंचं बक्षीस लागलं. पावती खिशात घालून पूल ओलांडलात आणि पलीकडच्या दुकानात ती पुढे केलीत, तर दुकानदार ती तुमच्याच हातात परत ठेवेल. सोडत तीच, आकडे तेच, दारावरची ‘लोटो’ची पाटीही तीच. पण तुमचे दहा युरो नदीच्या पलीकडे राहिले.

पूल संपतो तिथल्या वस्तीचं नाव आहे माइन्त्स-कास्टेल. नावात माइन्त्स असलं तरी ही वस्ती माइन्त्सची नाही. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा ऱ्हाइनच्या डाव्या काठावर फ्रेंच फौजा होत्या आणि उजव्या काठावर अमेरिकन. विजेत्यांच्या ताब्यातल्या या दोन विभागांमधली हद्द नदीवरून गेली, माइन्त्सची ही उजव्या काठावरची वस्ती वीसबाडेनला जोडली गेली आणि तशीच राहिली. ऐंशी वर्षांपूर्वी सैनिकी नकाशावर पडलेली रेघ आज कुणाच्या दहा युरोंच्या बक्षिसाला आडवी येते, हे कळल्यावर मला या लॉटरीत पैशांपेक्षा जास्त रस वाटू लागला.

जर्मनीत लॉटरी दिल्लीसारख्या एखाद्या केंद्राची नाही. ती बर्लिनच्या संघ सरकारची नसून राज्यांची आहे. राज्यं सोळा, म्हणून लॉटरी कंपन्याही सोळा. बव्हेरियात तर ती कंपनीसुद्धा नाही, सरकारचं एक खातंच आहे. ऱ्हाइनलांट-फाल्त्सची कचेरी कोब्लेन्त्सला, हेसनची वीसबाडेनला, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाची म्युन्स्टरला, सॅक्सनीची लायप्त्सिगला. जुगार आणि पैजा यांवरचे कायदे करण्याचा अधिकार तिथे राज्यांकडे आहे. सध्याचा जो मुख्य नियम आहे, १ जुलै २०२१ पासून लागू झालेला, तो संसदेचा कायदा नसून सोळा राज्यांनी आपापसांत केलेला करार आहे. दोन देशांत तह व्हावा तसा तो सह्या करून झाला.

आपल्याकडेही लॉटऱ्या राज्यांच्याच आहेत. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालत आली आहे आणि गोव्याची आपली वेगळी. पण आपल्याकडे प्रत्येक राज्याची सोडत निराळी, तिकीट निराळं, बंपरही निराळा. जर्मनांनी वेगळीच घडी बसवली. सोडत सगळ्यांची मिळून एक आणि बक्षिसांचा निधीही एकच. तिकीट विकणारी, पैसे गोळा करणारी, बक्षीस चुकतं करणारी आणि उरलेला नफा ठेवून घेणारी संस्था मात्र ज्याच्या त्याच्या राज्याची. या सोळा जणींचा जो संघ आहे, त्याची सूत्रंही आळीपाळीनं एकेका राज्याकडे जातात.

हे असं का झालं, याचं उत्तर फुटबॉलमध्ये आहे. युद्धानंतर मैदानं उखडलेली, क्लबांकडे दमडी नाही. तेव्हा १९४८ च्या सुमारास राज्याराज्यांत फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याचा ‘टोटो’ हा खेळ सुरू झाला आणि त्याचा नफा त्या त्या राज्यातल्या खेळांकडे वळवला गेला. पश्चिम जर्मनी नावाचं राष्ट्र जन्मलं १९४९ मध्ये. म्हणजे यातल्या काही संस्था आपल्या देशापेक्षा वयानं मोठ्या आहेत. आकड्यांची लॉटरी नंतर त्यांच्याच चौकटीत येऊन बसली. पश्चिम बर्लिननं १९५३ मध्ये नव्वदातून पाच आकडे काढायला सुरुवात केली. हॅम्बुर्गवाल्यांना ती जोडणी पसंत पडली नाही. त्यांनी एकोणपन्नासातून सहा अशी नवी बांधणी केली, आणखी तीन राज्यांना सोबत घेतलं आणि ९ ऑक्टोबर १९५५ रोजी हॅम्बुर्गमधल्या एका हॉटेलात पहिली सोडत काढली. चेंडू उचलायला बारा वर्षांची एक मुलगी होती. तिनं काढलेला पहिलाच आकडा १३. युरोपात तेराला अशुभ मानतात, आणि गंमत म्हणजे एकोणपन्नास आकड्यांपैकी आजवर सर्वांत कमी वेळा निघालेला आकडाही तेराच आहे. यात काही गूढ नाही. इतक्या सोडतींत कुणीतरी शेवटी राहणारच. पण ते तेरानंच राहावं, याला काय म्हणावं?

नव्वदातून पाच ही कल्पना त्याहून फार जुनी, जिनोआ शहरातली. तिथे नगराच्या कारभाऱ्यांची नावं चिठ्ठ्या टाकून निवडत आणि कुणाच्या चिठ्ठ्या निघतील यावर लोक पैजा लावत. हळूहळू माणसांच्या जागी आकडे आले. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक सात वर्षांच्या युद्धानं खंक झाला, तेव्हा काल्झाबिजी नावाच्या इटालियन माणसानं त्याला हीच युक्ती विकली आणि १७६३ मध्ये बर्लिनला सरकारी सोडत सुरू झाली. हा काल्झाबिजी त्याआधी पॅरिसच्या लॉटरीत कॅसानोव्हाचा भागीदार होता. हो, तोच प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला कॅसानोव्हा.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. जर्मनीत लॉटरी विकणारी दुकानं वीस हजारांच्या घरात आहेत. सिगारेट, मासिकं, वाढदिवसाची कार्डं, कुरिअरची पुडकी आणि एका कोपऱ्यात लॉटरीचं यंत्र, असा त्यांचा थाट. तिथे एक कागद फुकट मिळतो. त्यावर आकड्यांच्या चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत सात ओळी, सात रकाने, १ ते ४९. एका चौकटीत सहा फुल्या मारायच्या. २०२० मध्ये एका चौकटीचा दर १ युरो २० सेंट झाला. वर प्रत्येक कागदामागे थोडं शुल्क पडतं आणि तेही राज्यागणिक वेगळं. म्हणजे तेच सहा आकडे एका गावात भरले की एक किंमत, नदीपलीकडच्या गावात थोडी दुसरी.

कागदाच्या तळाशी सात आकडी क्रमांक छापलेला असतो. त्याचा शेवटचा अंक म्हणजे तुमचा ‘झूपरत्साल’, शून्य ते नऊपैकी एक. हा अंक वेगळा काढला जातो आणि सर्वांत मोठं बक्षीस हवं असेल तर सहा आकड्यांसोबत तोही जुळावा लागतो. बहुतेक लोक सहा आकड्यांवर डोकं खाजवतात आणि सातवा मात्र गठ्ठ्यातून जो कागद हाताला लागेल त्याचा घेतात. एकोणपन्नासातून सहा आकडे १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ तऱ्हांनी निवडता येतात. झूपरत्साल धरला की दसपट, म्हणजे १३ कोटी ९८ लाख ३८ हजार १६०. सोडत आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. दर सोडतीला एक चौकट भरली, तर मोठं बक्षीस सरासरी साडेतेरा लाख वर्षांतून एकदा लागेल. माणूस नावाची जात पृथ्वीवर आहे तीन लाख वर्षांपासून. काही ना काही बक्षीस मिळण्याची शक्यता मात्र एकतीसात एक आहे, आणि या एकतीसाच्या आशेवरच ते दुकान चालतं.

भरलेला कागद यंत्रात घातला की यंत्र तो वाचतं, मजकूर राज्याच्या कचेरीत पोचवतं आणि एक पावती छापून देतं. इथून पुढे त्या भरलेल्या कागदाला काडीची किंमत नाही. किंमत पावतीला. तिच्यावर तुमचे आकडे, सोडतीची तारीख, कागदाचा क्रमांक आणि ओळख पटवणारी एक लांबलचक अंकांची माळ असते. तुमचं नाव नसतं. कंपनीचं ग्राहककार्ड दाखवून खेळला असाल तरच कंपनीला तुम्ही कोण ते माहीत. नाहीतर ही पावती नोटेसारखी, ज्याच्या हाती त्याची. पाकिटात राहिली आणि पाकीट हरवलं, की बक्षीसही गेलंच म्हणून समजा.

सोडत सारब्रुकनला निघते. फ्रान्सच्या हद्दीला टेकलेलं हे शहर सारलांट या चिमुकल्या राज्याची राजधानी आहे. पूर्वी ती दूरचित्रवाणीचा मोठा सोहळा होती. ४ सप्टेंबर १९६५ ला पहिल्यांदा ती पडद्यावर दिसली आणि कारीन टीत्से-लुडविग या निवेदिकेनं तीस वर्षं शनिवारी रात्री देशाला आकडे सांगितले. पूर्व जर्मनीतही १९७२ पासून दूरचित्रवाणीवर स्वतःची सोडत होती, पस्तिसातून पाच. तिथे प्रत्येक आकड्याला एकेक विषय जोडलेला असे आणि आकडा निघाला की त्या विषयाची छोटी चित्रफीत दाखवत. म्हणजे रात्री काय पाहायला मिळणार, तेही नशीबच ठरवणार. साम्यवादी राजवटीनं लॉटरी इतकी चविष्ट केली होती, हे वाचून मी थक्क झालो. आज सोडत इंटरनेटवर दिसते, शनिवारी संध्याकाळी ७ वाजून २५ मिनिटांनी आणि बुधवारी ६ वाजून २५ मिनिटांनी.

यंत्रणा साधी आहे. पारदर्शक गोल, त्यात एकोणपन्नास चेंडू, आणि बाजूला उभा असलेला सरकारी देखरेखनीस. हा माणूस शोभेला नसतो. ३ एप्रिल २०१३ च्या बुधवारी आकडे जाहीर झाले, निवेदिकेनं निरोपही घेतला, आणि मग ध्यानात आलं की दोन चेंडू, ४६ आणि ४७, नळीत अडकून गोलात पडलेच नव्हते. सत्तेचाळीसांतून सहा झाले, एकोणपन्नासांतून नाही. सोडत रद्द करून पुन्हा काढावी लागली. त्या मधल्या वेळात ज्यांना बक्षीस लागलं होतं आणि मग लागलं नव्हतं, त्यांची जेवणं कशी झाली असतील!

माझ्या मते या साऱ्या प्रकारातला सर्वांत विलक्षण भाग मात्र चेंडूंत नाही. तो लोकांच्या फुल्यांत आहे. सर्वांत खालची श्रेणी सोडली, तर बक्षिसाची रक्कम आधी ठरलेली नसते. गोळा झालेल्या पैशांतले निम्मे बक्षिसांना जातात, ते ठरावीक प्रमाणात श्रेणींत वाटले जातात आणि प्रत्येक श्रेणीची रक्कम तिच्यातल्या विजेत्यांत सारखी विभागली जाते. पंगतीत शिऱ्याचं पातेलं एकच असतं, पानं किती मांडली त्यावर तुमच्या पानात किती पडेल ते ठरतं, तसं. म्हणून आकडे निघणं ही अर्धी गोष्ट झाली. तुमच्यासारखेच आकडे आणखी किती जणांनी भरलेत, ही उरलेली अर्धी.

२३ जानेवारी १९८८ ला आकडे निघाले २४, २५, २६, ३०, ३१, ३२. चौकट डोळ्यांसमोर आणा. चौथ्या ओळीत मधोमध सलग तीन फुल्या, त्यांच्याखाली पाचव्या ओळीत सलग तीन, पण एक घर डावीकडे सरकलेल्या. तिरकी वीटच. ही वीट २२२ जणांनी रचली होती. सहाच्या सहा आकडे बरोबर येऊनही प्रत्येकाच्या हाती पडले, तेव्हाच्या जर्मन चलनात, ८४,८०३ मार्क ९० फेनिग. वाईट नाही, पण लक्षाधीश होण्याची स्वप्नं रंगवलेल्यांना धक्काच. १० एप्रिल १९९९ ला निघाले २, ३, ४, ५, ६ आणि २६. सलग पाच आकडे आले की सामान्य माणूस म्हणेल, असे कोण भरणार? ३८,००८ जणांनी भरले होते. पाच आकडे जुळल्याबद्दल प्रत्येकी मिळाले ३७९ मार्क ९० फेनिग.

सगळ्यात मजेशीर १८ जून १९७७ ची सोडत. निघालेल्या ९, १७, १८, २०, २९, ४० या आकड्यांत कुठलीच आकृती नाही, १७-१८ सोडले तर सलगपणाही नाही. तरी विजेते २०५. उलगडा असा झाला की आदल्याच आठवड्यात शेजारच्या हॉलंडच्या लॉटरीत हेच सहा आकडे आले होते आणि दोनशेवर जर्मन मंडळींनी ते जसेच्या तसे उतरवून काढले होते. त्यांचा तर्क काय असेल कोण जाणे. पण तो बरोबर ठरला आणि नेमका म्हणूनच महाग पडला. प्रत्येकाला ३० हजार ७३७ मार्क ८० फेनिग.

श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठातले गणितज्ञ कार्ल बोश यांनी एकदा या फुल्यांचाच हिशेब मांडला. १९९३ मधल्या एका सोडतीसाठी बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात भरलेल्या ६८ लाखांवर चौकटी त्यांनी तपासल्या. लोकांनी सहा आकडे खरोखर डोळे मिटून निवडले असते, तर कुठलीही एक जोडणी सरासरी एकदाही आली नसती, कारण जोडण्या १ कोटी ४० लाख आणि चौकटी त्याच्या निम्म्या. प्रत्यक्षात ७, १३, १९, २५, ३१, ३७ ही एकच जोडणी चार हजारांवर वेळा निघाली. चौकटीत हे आकडे शोधा. उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली उतरणारा सरळ कर्ण. त्या राज्यात हजारो माणसांनी एकमेकांना न विचारता तोच कर्ण ओढला, आणि प्रत्येकाला बहुधा वाटलं असेल की हे फक्त मलाच सुचलं. वाढदिवसांचंही तसंच. १ ते ३१ मधले आकडे भरणाऱ्यांची गर्दी मोठी. म्हणून एकतीसच्या पुढचे आकडे घेतले, तर जिंकण्याची शक्यता तिळभरही वाढत नाही, पण जिंकलात तर वाटेकरी कमी मिळतात. लॉटरीत अक्कल वापरायला जागा आहे ती एवढीच.

योगायोगाचं म्हणाल, तर २० डिसेंबर १९८६ ला निघालेले १५, २५, २७, ३०, ४२, ४८ हे आकडे २१ जून १९९५ ला पुन्हा सहाच्या सहा तसेच निघाले. वर्तमानपत्रांनी गहजब केला. गणितज्ञ मात्र शांत होते. तीन हजारांवर सोडती झाल्या असताना त्यांतल्या कुठल्याही दोन जुळण्याची शक्यता चारांत एकाहून जास्त भरते.

आता पैसे घ्यायला जाऊ. छोटी रक्कम असेल तर त्याच राज्यातल्या कुठल्याही दुकानात पावती द्यायची. दुकानदार ती यंत्रात तपासतो आणि गल्ल्यातून पैसे काढून देतो. दुकानदारानं किती रकमेपर्यंत द्यावं याची मर्यादा राज्यागणिक वेगळी. त्यावरची रक्कम असेल तर एक अर्ज भरायचा आणि पैसे बँकखात्यात येतात. मोठं घबाड लागलं की राज्याच्या मुख्य कचेरीशी बोलावं लागतं. तिथे अशा लोकांसाठी खास माणूस असतो. तो पावती तपासतो, ओळखपत्र पाहतो, आणि त्याचा पहिला सल्ला ठरलेला: कुणाला सांगू नका. कंपनी तुमचं नाव जाहीर करत नाही. वर्तमानपत्रात फार तर जिल्हा येतो. ८ नोव्हेंबर २०२२ ला युरोजॅकपॉट या अनेक देशांच्या सामायिक लॉटरीत बर्लिनमधल्या एकाला १२ कोटी युरो लागले. ती सोडत हेलसिंकीत निघते. पण पावती बर्लिनची, म्हणून पैसे द्यायची जबाबदारी बर्लिनच्या कंपनीची.

मुदत आहे तीन वर्षांची, तीही सोडत झालेलं साल संपल्यावर मोजायची. १ एप्रिल २०१७ च्या सोडतीत बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, रॉइटलिंगेनच्या परिसरात विकल्या गेलेल्या पावतीवर सुमारे १ कोटी १३ लाख युरोंचं बक्षीस होतं. कंपनीनं लोकांना जुन्या पावत्या पाहायची विनवणी केली. कुणी आलं नाही. २०२० संपलं आणि हक्कही संपला. पैसे बुडत नाहीत, खास सोडतींच्या रूपानं ते पुन्हा खेळणाऱ्यांकडेच जातात. पण रॉइटलिंगेनजवळ कुणाच्या तरी जुन्या कोटाच्या खिशात तो चिठोरा पडलेला असू शकतो, आणि आता त्याची किंमत शून्य.

बक्षिसावर कर? नाही. जर्मन आयकर कायद्यात उत्पन्नाचे सात प्रकार दिले आहेत आणि नशीब त्यांतल्या एकाही प्रकारात बसत नाही. त्या पैशांवर पुढे व्याज आलं की मात्र त्यावर कर लागतो. कर मुळात तिकिटाच्या पैशांतूनच कापून झालेला असतो. प्रत्येक युरोतले साधारण १७ सेंट राज्याच्या तिजोरीत लॉटरी-कर म्हणून जातात, शिवाय वीस-बावीस सेंट खेळ, संस्कृती, समाजकार्य आणि जुन्या वास्तूंच्या जतनासाठी. उरलेलं दुकानदाराचं कमिशन आणि कारभाराचा खर्च. नदीच्या मध्यावर पावतीची किंमत का संपते, ते इथे कळतं. माइन्त्सच्या दुकानात भरलेल्या युरोतून ऱ्हाइनलांट-फाल्त्समधली मैदानं दुरुस्त व्हायची असतात. ‘ग्ल्युक्सश्पिराले’ ही तर १९७० मध्ये निघालेली लॉटरी, तिचा हेतू म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिकला पैसा उभा करणं.

मित्रांनी मिळून खेळायचं असेल तर कागदावर लिहून घ्यावं, असं तिथले वकील कळकळीनं सांगतात. एकानं स्वतःच्या नावावर बक्षीस घेतलं आणि मग मित्रांना वाटलं, तर करखातं त्याला बक्षीसपत्र समजू शकतं, आणि मित्राला २० हजार युरोंच्या वर दिलेल्या रकमेवर कर लागतो. १९७४ मध्ये तर सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे एक विलक्षण खटला आला होता. पाच जणांचा गट ठरलेले आकडे नेमानं भरत असे. एका आठवड्यात भरण्याची पाळी असलेल्यानं ते भरलेच नाहीत आणि नेमके तेच निघाले. बुडालेले १०,५५० मार्क द्यावेत, असं बाकीच्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, नाही. मैत्रीखातर फुकट आकडे भरून देणाऱ्याच्या डोक्यावर एवढी जोखीम टाकण्याचा कुणाचाच हेतू नव्हता.

याच देशाच्या १९०० साली लागू झालेल्या नागरी संहितेत कलम ७६२ सांगतं की जुगार आणि पैज यांतून कायदेशीर देणं निर्माण होत नाही. लगेच पुढचं कलम ७६३ म्हणतं, लॉटरीला राज्याची परवानगी असेल तर मात्र करार पक्का. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या दोन कलमांमधल्या फटीतून हा सगळा सोळा कंपन्यांचा कारभार उभा राहिला आहे.

जर्मनीत नोकरी-शिक्षणानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना खेळायला अडचण नाही. वय १८ पूर्ण असलं की झालं, नागरिकत्व कुणी विचारत नाही. पण तिथे कर नाही म्हणून इथेही नाही, असं समजू नये. करापुरतं जो भारताचा रहिवासी ठरतो, त्याच्या परदेशी उत्पन्नाचाही हिशेब भारतात होतो, आणि लॉटरीच्या बक्षिसावर इथे सरसकट ३० टक्के कर आहे, अधिभार आणि उपकर वेगळे. आणि घरबसल्या सातारा-सांगलीहून जर्मन तिकीट मागवायचं म्हणाल, तर परकीय चलनाच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला बंदी आहे.

तरीही जर्मन लॉटरीत लाखो युरो लागल्याचे ईमेल आपल्याकडे येत राहतात. त्यांत अधिकाऱ्याची सही असते, शिक्का असतो, आणि शेवटी एक छोटी विनंती असते की बक्षीस सोडवून घेण्यासाठी आधी कराची रक्कम भरा. खेळल्याशिवाय पावती नाही आणि पावतीशिवाय बक्षीस नाही, हे तर झालंच. शिवाय ज्या करासाठी पैसे मागितले जातात, तो जर्मनीत बक्षिसावर लागतच नाही.